नगराची नाडी पाहणारा वैद्य : पॅट्रिक गेडिस

१९१४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात एमडेन या जर्मन युद्धनौकेने हिंदी महासागरात क्लॅन ग्रँट नावाचे ब्रिटिश मालवाहू जहाज बुडवले. महायुद्ध नुकतेच पेटले होते आणि एमडेनने त्या काळात बुडवलेल्या अनेक जहाजांपैकी ते एक होते. पण या जहाजाच्या पोटात एका माणसाच्या आयुष्याची कमाई होती. जगभरातील शहरांचे नकाशे, आराखडे, चित्रे आणि छायाचित्रे यांचे ते एक फिरते प्रदर्शन होते. आदल्याच वर्षी बेल्जियममधील गेंट येथे त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. ते आता मद्रासला यायला निघाले होते आणि समुद्राच्या तळाशी गेले.

प्रदर्शनाचा कर्ता दुसऱ्या जहाजाने मुलासह भारतात सुखरूप पोहोचला होता. त्याचे वय साठ वर्षांचे होते. दुसरा कोणी असता तर हताश होऊन मायदेशी परतला असता. या गृहस्थाने ब्रिटनमधील मित्रांना कळवून नवे साहित्य जमवायला लावले, आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासमध्ये प्रदर्शन भरवून दाखवले. त्यानंतरची सुमारे दहा वर्षे भारतीय शहरे हाच त्याचा ध्यास झाला. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस. नगररचनेच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. मात्र ठाण्यापासून इंदूरपर्यंत आणि मुंबई विद्यापीठापासून तेल अवीवपर्यंत पसरलेली त्याची कथा मराठी वाचकाच्याही जवळची आहे, आणि आपल्या शहरांचे आज जे चालले आहे ते पाहता ती पुन्हा सांगण्याजोगी आहे.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. बालपण पर्थ येथे गेले. वडील सैन्यातून निवृत्त झालेले होते आणि त्यांना बागेची आवड होती. झाडे लावणे, माती ओळखणे, टेकडीवर चढून खाली पसरलेले खोरे न्याहाळणे हे पहिले शिक्षण त्यांना वडिलांकडून मिळाले. पुढे लंडनमध्ये थॉमस हक्सली यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. पदवी मात्र कधीच घेतली नाही. सजीव आणि त्याचा परिसर यांचे नाते हा त्यांच्या विचाराचा पाया इथेच घातला गेला.

१८७९ मध्ये ते संशोधनासाठी मेक्सिकोला गेले. तिथे त्यांच्या दृष्टीवर गंभीर परिणाम झाला. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत त्यांना कित्येक आठवडे काढावे लागले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जगणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाला याहून मोठा धक्का कोणता असणार? त्या काळोखात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपताना त्यांना एक युक्ती सुचली. कागदाला घड्या घालून चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात एकेक कल्पना ठेवायची आणि त्यांचे परस्परसंबंध जुळवायचे. स्थळ, काम आणि लोक या तीन गोष्टी एकमेकींपासून तोडून पाहता येत नाहीत, ही त्यांची पुढची सारी मांडणी अशाच चौकोनांतून उभी राहिली. दृष्टी परत आली, परंतु सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे आता शक्य नव्हते. पेशी पाहणारी नजर हळूहळू शहराकडे वळली.

१८८६ मध्ये त्यांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला. त्यानंतर या दांपत्याने एडिंबरोच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट येथे बिऱ्हाड थाटले. सुखवस्तू लोकांनी तो भाग केव्हाच सोडला होता. तिथे दाटीवाटी होती, अस्वच्छता होती, दारिद्र्य होते. गेडिस दांपत्याने भाषणे दिली नाहीत. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी भिंती रंगवल्या, खिडक्यांत फुलझाडे लावली, अगदीच मोडकळीला आलेली एखादी इमारत काढून चौकात हवा आणि उजेड आणला, आणि उरलेल्या इमारती दुरुस्त करून राहण्याजोग्या केल्या. काही घरांतून विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी राहिली. १८८८ पासून गेडिस डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पण वर्षातील एकच सत्र शिकवायचे असल्याने उरलेला काळ या कामाला मिळत असे. १८९२ मध्ये त्यांनी एडिंबरोच्या किल्ल्याजवळचा एक मनोरा घेतला आणि तिथे शहर समजून घेण्याचे केंद्र सुरू केले. पाहुण्याला ते आधी थेट वरच्या मजल्यावर नेत आणि सभोवतालचे शहर डोळे भरून पाहायला लावत. मग एकेक मजला उतरत जायचे: आधी एडिंबरो, मग स्कॉटलंड, मग युरोप आणि सर्वांत खाली जग. जग समजून घ्यायचे तर आपल्या गल्लीपासून सुरुवात करावी, हा त्यामागचा अर्थ.

हा अनुभव गाठीशी घेऊन ते भारतात आले तेव्हा इथल्या शहरांवर प्लेगची छाया होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि १८९८ मध्ये सरकारने मुंबईसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या हे रोगाचे मूळ, म्हणून त्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढावेत, हवा खेळती करावी, ही त्यामागची दृष्टी होती. तिच्यातून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड आले, पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती आल्या. ट्रस्टने मुंबईला बरेच काही दिले, हे नाकारता येत नाही. परंतु आरंभीच्या वर्षांत घरे पाडण्याचा वेग नवी घरे बांधण्याच्या वेगापेक्षा फार अधिक होता. ज्यांची खोली गेली ते कामाच्या ठिकाणापासून लांब जाऊ शकत नव्हते. ते शेजारच्या चाळीत, आधीच भरलेल्या खोलीत शिरले. एका आळीतील गर्दी मोडली आणि ती दुसऱ्या आळीत जाऊन दुप्पट झाली. नकाशावर रस्ता सरळ दिसत होता. त्या रस्त्याखाली गेलेली माणसे नकाशावर कुठेच नव्हती.

गेडिस यांचा आक्षेप नेमका इथे होता. वैद्य रोग्याची नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, मग नगररचनाकाराने नगर पाहिल्यावाचून त्यावर शस्त्र का चालवावे? कोणत्याही गावात गेल्यावर ते आधी पायी हिंडत. देवळे, बाजार, विहिरी, तळी, धोबीघाट, कुंभारवाडा, बोळांच्या टोकाची उकिरड्यांची जागा, सारे ते स्वतः पाहत. कोणते घर खरोखर पडायला आले आहे, कोणते थोड्या डागडुजीने पन्नास वर्षे टिकेल, कोणत्या पडक्या जागेत मुलांना खेळायला मोकळी जागा करता येईल, याची नोंद घरागणिक होत असे. अशी पाहणी झाली की लक्षात येई की सगळी वस्ती उठवण्याची गरजच नाही. इथले एक पडके घर काढा, तिथे बोळाचे तोंड थोडे मोकळे करा, मध्ये एक पिंपळाचा पार राखा, आणि हवा, उजेड, वाट तिन्ही मिळतात. या पद्धतीला त्यांनी जपणूक करणारी शस्त्रक्रिया असे नाव दिले. तंजावरच्या किल्ल्यातील दाट वस्तीसाठी नगरपालिकेने उभ्याआडव्या रस्त्यांची चौकट आखली होती. गेडिस यांनी त्याच वस्तीचा आपला आराखडा शेजारी ठेवून दाखवला. त्यात पाडापाड थोडी होती, बेघर होणारी कुटुंबे थोडी होती आणि खर्चही कितीतरी कमी होता.

रस्त्यांविषयीची त्यांची मते आजही विचार करायला लावतात. प्रत्येक रस्ता रुंदच हवा, हे त्यांना मान्य नव्हते. मोठ्या रहदारीचे रस्ते थोडे असावेत आणि ते नीट बांधावेत. पण घरांपर्यंत जाणाऱ्या वाटा अरुंद, सावलीच्या आणि शांत असाव्यात. गाडीसाठी घेतलेली प्रत्येक हात जमीन ही कोणाच्या तरी अंगणातून किंवा परसातून येते. उष्ण प्रदेशातील अतिरुंद रस्ता म्हणजे तापलेली माती, धूळ आणि दुरुस्तीचा कायमचा खर्च, हे ते पालिकांना पुन्हा पुन्हा समजावत. तळ्यांच्या बाबतीतही तसेच. डास होतात म्हणून तळी बुजवण्याचा सपाटा त्या वेळी चालू होता. गेडिस म्हणत की तळे स्वच्छ ठेवा, त्यात मासे आणि बदके सोडा, डासांचा बंदोबस्त ती करतील. नळ कधीतरी बंद पडणारच. त्या दिवशी विहिरी आणि तळीच गावाला तारतील. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यातील ज्या गावांवर त्यांनी अहवाल दिले त्यांत ठाणेही होते. तलावांचे शहर म्हणून मिरवणाऱ्या ठाण्याने ही आठवण जपायला हवी.

१९१७ हे वर्ष गेडिस यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वर्ष ठरले. त्यांच्याबरोबर भारतात आलेला आणि प्रदर्शन उभे करण्यात त्यांचा उजवा हात असलेला मुलगा ॲलस्डेर पुढे युद्धावर गेला होता. एप्रिल महिन्यात तो फ्रान्समध्ये मारला गेला. बातमी आली तेव्हा ॲना भारतातच तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना हे कळू नये म्हणून गेडिस मुलाची जुनी पत्रेच वाचून दाखवत राहिले. जून महिन्यात कलकत्त्याला ॲना यांचे निधन झाले. मुलगा गेल्याचे त्यांना अखेरपर्यंत समजले नाही. तीस वर्षांचा संसार आणि घराण्याचा वारस काही आठवड्यांच्या अंतराने गेला. या आघातानंतर त्यांना सावरले ते कामाने, आणि हे काम होते इंदूरचे.

होळकरांच्या संस्थानात तेव्हा तिसरे तुकोजीराव गादीवर होते. प्लेग आणि हिवताप यांनी शहर पोखरले होते. गेडिस नकाशे घेऊन गल्लीबोळांतून हिंडू लागले तेव्हा लोक त्यांना पाहून धसकले. साहेब नकाशा घेऊन आला म्हणजे घर पाडले जाणार, हा त्यांचा अनुभव होता. गेडिस यांनी पुढे स्वतः सांगितलेली हकिकत अशी, की त्यांनी दरबाराकडे एका दिवसासाठी महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीला नगरात मोठी मिरवणूक काढायचे ठरवले. मिरवणूक कोणत्या मार्गाने जाणार, हे मात्र आधी जाहीर केले नाही. ज्या आळीतील घरे सर्वांत स्वच्छ होतील, जिथे दुरुस्ती होईल आणि झाडे लागतील, त्या आळीतून ती जाईल, एवढेच सांगितले. कचरा फुकट उचलून नेण्याची सोय केली.

मग जे घडले ते कोणत्याही हुकुमाने घडले नसते. आळ्याआळ्यांत चढाओढ लागली. घरांना रंगसफेदी झाली, वर्षानुवर्षांचा कचरा गाड्या भरभरून बाहेर पडला. मिरवणुकीत आरंभी हत्ती-घोडे होते, मागे पडक्या आणि कोंदट घरांच्या प्रतिकृती होत्या. घाणीचा एक राक्षस होता आणि प्लेगचा एक अजस्र उंदीर होता. त्यांच्यामागे शुभ्र वस्त्रे नेसलेले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार आपले नवे झाडू घेऊन मानाने चालत होते. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांना त्या दिवशी नगराच्या रक्षकांचे स्थान मिळाले. त्यांच्यामागून नगरदेवता आली आणि होऊ घातलेल्या नव्या इंदूरचे नमुने आले. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. तुळशीवृंदावन राखणारी गृहिणी हीच आरोग्याची पहिली अधिकारी, असे गेडिस मानत. लोकांच्या सणात आणि श्रद्धेत जी शक्ती आहे ती बाजूला सारून कोणतीही योजना रुजत नाही, हे त्यांनी परक्या मुलुखातून येऊन ओळखले होते.

१९१८ मध्ये इंदूर दरबारापुढे त्यांनी दोन खंडांचा अहवाल ठेवला. नद्यांची स्वच्छता, घरांची दुरुस्ती, सांडपाण्याचा बागांसाठी उपयोग, नव्या वसाहती, ग्रंथालय आणि विद्यापीठ असा त्याचा आवाका होता. त्यात शहर म्हणजे रस्ते आणि गटारे नव्हे, तर शिकणारे, काम करणारे आणि उत्सव करणारे लोक, ही जाणीव पानोपानी आहे. भारतातील त्यांच्या सुमारे पन्नास अहवालांमध्ये हा सर्वांत विस्तृत मानला जातो.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र हा विभाग सुरू केला आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून गेडिस यांना बोलावले. १९२४ पर्यंत ते तिथे होते. त्यांनी हेरलेल्या तरुणांपैकी एक संस्कृतचे अध्यापक होते, मूळचे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. घुर्ये यांनी मुंबई या शहरावर लिहिलेला निबंध गेडिस यांना पसंत पडला आणि पुढील अभ्यासासाठी त्यांची इंग्लंडला रवानगी झाली. परतल्यावर घुर्ये यांनी त्याच विभागाची धुरा उचलली आणि भारतीय समाजशास्त्राच्या कित्येक पिढ्या घडवल्या. गुरू आणि शिष्य यांची मते पुढे फारशी जुळली नाहीत; परंतु शहर हा अभ्यासाचा विषय आहे, हे बीज गेडिस यांनीच त्या विभागात टाकले.

गेडिस यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ते दाढीतल्या दाढीत बोलत आणि श्रोत्यांना अर्धे ऐकू येत नसे. एका विषयावरून दुसऱ्यावर त्यांची उडी इतकी झपाट्याने पडे की अभियंते आणि सनदी अधिकारी गोंधळून जात. हाती घेतलेले काम तडीस नेण्यापेक्षा नवे काम सुरू करण्यात त्यांचे मन अधिक रमे. त्यांचे बहुतेक अहवाल दप्तरात पडून राहिले. त्यांना बोलावणारे राज्यकर्ते आणि संस्थानिक होते. सामान्य नागरिकाच्या हाती त्या काळी निर्णयाचा अधिकारच नव्हता. एका साहेबाने एका दिवसासाठी महाराज होऊन जे केले ते दुसऱ्या दिवशी पालिकेच्या नित्य कामात उतरवणे, हा प्रश्न त्यांनाही सुटला नाही.

त्यांची एक योजना मात्र दूरच्या किनाऱ्यावर बऱ्याच अंशी प्रत्यक्षात आली. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा तयार केला. रहदारीचे मोजके मोठे रस्ते, त्यांच्या आत घरांकडे नेणाऱ्या लहान वाटा आणि वस्तीच्या मध्यभागी बागा, अशी त्याची रचना होती. तंजावर आणि इंदूरच्या बोळांतून चालताना पक्के झालेले विचारच त्यात दिसतात. त्या आराखड्यावर उभा राहिलेला शहराचा भाग २००३ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित झाला. भारत सोडल्यावर गेडिस फ्रान्समधील माँपेलिए येथे स्थायिक झाले. १९३२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला तिथेच त्यांचे निधन झाले.

गेडिस गेल्याला नव्वदांहून अधिक वर्षे लोटली. त्यांचे इंदूर २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सातत्याने अग्रस्थानी राहिले आहे. त्याचे श्रेय आजच्या सफाई कामगारांचे आणि नागरिकांचे आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या मिरवणुकीला ते देणे योग्य होणार नाही. तरीही दोन्ही वेळी यशाचे कारण एकच दिसते: काम आळीआळीत आणि घराघरांत पोहोचले. याच इंदुरात २०१३ मध्ये बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली आणि अवघ्या बारा वर्षांत ती काढून टाकण्याचा निर्णय झाला. पुण्यानेही २००६ मध्ये देशात सर्वांत आधी असा प्रयोग केला आणि पुढे त्यातील काही मार्ग मोडले. आता दोन्ही शहरांत मेट्रो आली आहे. बस, मेट्रो, उड्डाणपूल यांपैकी प्रत्येकाला आपापली जागा आहे. मात्र प्रवासी बसथांब्यापर्यंत किंवा स्थानकापर्यंत येतो तो पायीच. पदपथ तुटलेला असेल, रस्ता ओलांडायला जीव मुठीत धरावा लागत असेल, तर कोट्यवधींची मार्गिकाही त्याच्यासाठी दूरच राहते.

लंडन, झुरिक किंवा सिंगापूर येथे राहणारा मराठी माणूस रोज घरातून निघून सावलीच्या पदपथावरून स्थानक गाठतो, तेव्हा पुणे-मुंबईची आठवण होऊन त्याच्या मनात नेहमी एकच प्रश्न येतो: आपल्याकडे हे का होत नाही? गेडिस यांच्या चरित्रातून मिळणारे उत्तर पैशाचे किंवा तंत्राचे नाही. योजना आखणाऱ्याने आधी त्या वाटेवरून स्वतः चालून पाहावे, तिथे राहणाऱ्याला विचारावे, जे चांगले आहे ते राखावे आणि जे खरोखर सडले आहे तेवढेच कापावे. परदेशी शहराचा नमुना उचलून आणणे सोपे असते. साठीतला एक स्कॉटिश प्राध्यापक मात्र आपला नमुना बाजूला ठेवून तंजावर, ठाणे आणि इंदूरच्या बोळांत शिकायला गेला होता. आपल्या शहरांवर ज्यांचे प्रेम आहे त्यांनी, मग ते तिथे राहत असोत वा सातासमुद्रापार, त्याच्याकडून घ्यावा असा हा धडा आहे.